मेंगबाईंच्या हाताची ऊब

कोरियात, सोलमधल्या मिशनच्या मुलींच्या एका शाळेत प्रवेशपरीक्षेआधी फाटकाची परीक्षा व्हायची. भल्या सकाळी आया जमायच्या, प्रत्येकीच्या हातात तांदळाच्या पाकाची चिवट वडी. वडी फाटकाला चिकटली की मुलगी पास. पडली तर काय, ते कुणी बोलत नसे. नुसतं 'च्च' करायचं.

त्या साली थंडी अशी, की वड्या खड्यांसारख्या टणटण खाली येत होत्या. चिकटत होत्या फक्त चर्चच्या मेंगबाईंच्या. बाई एकेका आईची वडी घेऊन कोटात उराशी धरायच्या, डोळे मिटून ऐसपैस प्रार्थना म्हणायच्या आणि वडी फाटकावर दाबायच्या. थप्प!

"प्रभूच्या हाताची ऊब हो ही! मी आपली पोस्टमन."

पोस्टमन टपालखर्च घेत होता, चर्चच्या छपरासाठी. छप्पर गेली कित्येक वर्षं गळतच होतं.

मुलींना वेळेवर आत ढकलायचं काम विज्ञानाच्या योमबाईंकडे होतं. पिलसुन नावाची एक मुलगी काही हलेना.

"चल गं, घंटा होईल."

"माझी वडी दोनदा पडली, बाई."

"मेंगबाई हात लावेनात," तिची आई रडकुंडीला आली होती. "म्हणतात, तुम्ही चर्चला येत नाही. चल पिलसुन, घरी. पुढच्या साली बघू."

"वडीपायी वर्ष घालवणार?"

"तुम्हाला काय जातंय बोलायला! तुम्ही पास झालेल्या."

योमबाईंनी पोरीच्या फाटक्या हातमोज्यातून डोकावणारी निळी बोटं पाहिली. "आधी हात काखेत घाल. पेन्सिल धरायचीय त्यांनी."

पिलसुनने वडीसकट मूठ काखेत खुपसली. इकडे आईची आणि बाईंची जुंपली, ती चांगली रंगात आली असताना पोरगी म्हणाली, "बाई, सुटत नाहीये."

वडी हातमोज्याला घट्ट चिकटली होती. योमबाईंनी मोज्याकडे पाहिलं. मग मेंगबाईंच्या फुगलेल्या कोटाकडे पाहिलं आणि खाली पडलेली एक वडी उचलली.

"मेंगबाई, ही दुसरी वडी घ्या. प्रार्थना जरा कोटाबाहेरच करा. देवाला बटणं थोडीच आड येतात?"

मेंगबाईंनी त्या दिवसातली सर्वांत लांब प्रार्थना केली. टण्ण!

"कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात पिलसुनने मोज्यावरची वडी ओढून काढली आणि फाटकाला लावली. थप्प. प्रार्थना नाही, छप्पर नाही.

"अगं, हिच्यावरही कृपा झाली!" म्हणत एका धिप्पाड आईने आनंदाच्या भरात मेंगबाईंनाच मिठी मारली आणि ती किंचाळली, "आई गं! भाजलं!"

कोटातून निखाऱ्याची डबी बर्फावर पडली. चर्र झालं.

"म्हातारीने थंडीत डबीसुद्धा बाळगू नये?" मेंगबाई फणकारल्या.

"बाळगावी की. फक्त तिला प्रभूचा हात म्हणू नये," योमबाई म्हणाल्या. मग आयांकडे वळल्या. "पाक गरम असला की चिकटतो, गार झाला की दगड. रोज चुलीपाशी बघता ना? मग फाटकापाशी आल्यावर डोळे का मिटता? पेपर फाटक तपासत नाही, मी तपासते. पोरींनी जे वाचलंय, त्याचेच गुण मिळतील."

घंटा झाली. पिलसुनने फाटकावरची वडी नखाने खरवडून काढली.

"अगं अगं, काढू नकोस!" आई ओरडली.

पण वडी तोंडात गेली होती.

"भूक लागलीय," पिलसुन गाल फुगवून म्हणाली. "सकाळपासून सगळं फाटकालाच भरवताय." आणि ती आत पळाली.