मी बातनेज, अजून संपलो नाही

व्होशेर गावातल्या युद्धस्मारकावर माझे पहिले अक्षर साडेतीन सेंटिमीटर उंच आहे. त्या रोमन B च्या खालच्या पोटात पिवळसर दगडफूल वाढले आहे. ते वर्षाला जेमतेम अर्धा मिलिमीटर पसरते. या गतीने सगळे अक्षर झाकायला त्याला अजून पन्नासेक वर्षे लागतील. मी रोज त्याच्याकडे पाहतो आणि मनात म्हणतो, चालू दे तुझे.

मी एक जुने आडनाव आहे, मित्रांनो. माझा उच्चार बातनेज. अर्थ साधा आहे, बर्फ तुडवणारा. गेल्या नोव्हेंबरात या जगात मला लावणारी माणसे दोनच उरली होती. एक आहेत एक्क्याऐंशी वर्षांचे आंसेल्म, आणि दुसरी त्यांची मुलगी सेव्हरीन. तरीही माझी कहाणी ऐकून कुणी हळहळू नये. मी हळहळीतून जन्मलो नाही. मी जन्मलो एका नकारातून.

साडेचारशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या ज्यूराच्या या डोंगरात आडनावे पक्की नव्हती. व्होशेरच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेला एकच घर होते. तिथे क्लोद नावाचा माणूस राहत असे. एका जानेवारीत त्याची आई वारली. खाली चर्चपर्यंत तीन किलोमीटर कमरेएवढा बर्फ होता. अशा वेळी मृतदेह छपरावर बर्फात ठेवायचा आणि मार्चमध्ये वाट मोकळी झाली की पुरायचा, अशी तिथली रीत होती. बर्फात देह खराब होत नाही, म्हणून रीतीत कुणाला काही वावगे वाटत नसे. क्लोद म्हणाला, "माझी आई दोन महिने छपरावर झोपणार नाही." त्याने पायांना बैलाच्या कातड्याचे तुकडे बांधले आणि एकट्याने वाट तुडवायला सुरुवात केली.

ताजा बर्फ भुसभुशीत असतो. त्यावर ओझे घेऊन चालता येत नाही. पण तो नीट दाबला आणि काही तास तसाच सोडला, तर त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि वाट कडक होते. म्हणून तुडवणाऱ्याने आदल्या दिवशी जायचे, आणि ओझे दुसऱ्या दिवशी न्यायचे. क्लोदने हे कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. तो दोन दिवस तुडवत राहिला. तिसऱ्या दिवशी घसरगाडीवरून आई चर्चच्या दारात पोहोचली. पाद्र्याने नोंदवहीत तिच्या मुलाचे नाव लिहिले, क्लोद, बर्फ तुडवणारा. तो शब्द त्याच्या मुलांना चिकटला. तोच मी.

पुढची तीनशे वर्षे हे काम आमच्या घराण्याचे झाले. कुणाकडे बाळंतपण असो, कुणी आजारी असो, कुणी गेलेले असो, निरोप वरच्या घरी यायचा. उन्हाळ्यात मात्र आमची आठवण कुणाला होत नसे. शाळेत पोरे आमच्या पोरांना चिडवत, "ए तुडव्या, पाऊल मोठं आहे तुझं, आमचं अंगणही तुडवून दे." सैन्यात भरती झालेल्या एका बातनेजला सार्जंटने विचारले होते, "हे नाव आहे की काम?" तो म्हणाला, "दोन्ही, सार्जंट. तुमचं फक्त कामच आहे का?" त्याला चार दिवस कोठडी मिळाली. मला त्या चार दिवसांचा अजून अभिमान वाटतो.

मी कधीच फार मोठा नव्हतो. अगदी भरभराटीच्या काळात मला लावणारी एकेचाळीस माणसे होती. मग पहिले महायुद्ध आले. आमच्यातले नऊ तरुण गेले, चार परतले. पाच जण त्या दगडावर आहेत, एकाखाली एक. एका गावातून एकाच आडनावाचे पाच. घरी उरलेल्या मुली लग्न करून गेल्या. इथला कायदा बाईचे जन्माचे नाव कधीच काढून घेत नाही, पण लोक तिला नवऱ्याच्या नावाने हाक मारतात आणि मुले बापाचे नाव लावतात. त्यामुळे गावच्या दफनभूमीत मी पुष्कळ थडग्यांवर आहे, पण दुसऱ्या ओळीत, बारीक अक्षरांत.

काही वर्षांपूर्वी आडनावे गोळा करणारे एक गृहस्थ गावात आले. त्यांनी माझा फोटो काढला आणि म्हणाले, "अतिशय दुर्मीळ." टाचणीने टोचलेल्या फुलपाखराविषयी बोलावे तसा त्यांचा आवाज होता. दुर्मीळ या शब्दाचा मला राग आहे. मोजणारा मोजून निघून जातो आणि मागे हा शब्द ठेवतो.

आता सेव्हरीनविषयी सांगतो. तिचे लग्न रेजिस मार्तँशी झाले. मार्तँ हे या देशातले सर्वांत जास्त लावले जाणारे आडनाव. रेजिस चीजच्या तळघरात काम करतो. ओळीने मांडलेली चाळीस-चाळीस किलोंची चीजची गोल चाके पुसतो, उलटवतो, हातोडीने ठोकून त्यांचा आवाज ऐकतो. माणूस चांगला आहे. वरच्या घरी राहायला आला त्या पहिल्याच हिवाळ्यात आंसेल्मनी त्याला बर्फ तुडवायला शिकवले, आणि टपालपेटीवरची माझी पितळी पट्टी त्याने कधी काढली नाही. तिच्याखाली आपली पट्टी लावली.

त्यांची मुलगी नोएमी बारा डिसेंबरला जन्मली. आईचे आडनाव मुलाला देता येईल, असा नवा कायदा एक जानेवारीपासून लागू होणार होता. दवाखान्यातली परिचारिका हसून म्हणाली होती, "वीस दिवस दम धरला असता पोरीने, तर निवड करता आली असती." पुढचे दीड वर्ष दोन्ही नावे जोडण्याची सोय होती. सेव्हरीनने वर्तमानपत्रातले ते कात्रण कापून ठेवले. बोलली मात्र नाही. नवऱ्याला काय वाटेल, सासूला काय वाटेल, या विचारात मुदत संपली.

नंतर आणखी एक कायदा आला. सज्ञान माणसाला आयुष्यात एकदा आईचे किंवा बापाचे, हवे ते आडनाव निवडता येते. अर्ज भरायचा, महिनाभर विचार करायचा आणि मग मेयर कचेरीत स्वतः जाऊन सांगायचे. नोएमीने तो अर्ज आणला आणि स्वयंपाकघरातल्या खणात ठेवून दिला. एक वर्ष गेले. तिने तो भरला नाही आणि फेकलाही नाही. तिने भरला नाही तर सेव्हरीननंतर मी फक्त दगडावर उरणार होतो.

मग गेला अकरा नोव्हेंबर उजाडला.

त्या दिवशी सगळे गाव स्मारकासमोर जमते. मेयर एकेक नाव वाचतात आणि प्रत्येक नावानंतर शाळेची मुले म्हणतात, "फ्रान्ससाठी मरण पावले." मेयर मादाम गोते गावात नव्या होत्या. त्यांनी मनापासून तयारी केली होती. गावातल्या वृद्धांना नाताळला खाऊची पेटी वाटतात, तिची यादीही त्यांनी पाहिली होती. पण आंसेल्म दोन वर्षांपासून खालच्या शहरातल्या वृद्धाश्रमात होते, म्हणून त्यांचे नाव यादीतून काढलेले होते. आणि सेव्हरीनला सगळे मादाम मार्तँ म्हणत.

माझे पाच जण वाचून झाल्यावर मादाम गोते थांबल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "या पाच जणांचं आडनाव लावणारं आज कुणीच उरलेलं नाही. ते नाव आता फक्त या दगडावर आहे. त्यासाठी आपण एक मिनिट शांत राहू."

शांतता पसरली. पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत बसलेले आंसेल्म एका कानाने बहिरे आहेत. त्यांनी लेकीला विचारले आणि सगळ्या गावाला ऐकू गेले, "काय म्हणाली ती?"

"काही नाही, पपा."

"मी मेलो म्हणाली का?"

"हळू बोला."

"मेलेल्या माणसाने हळू कशाला बोलायचं?"

गावच्या बँडमधले दोघे-तिघे खुदकन हसले. नोएमी हसली नाही. ती त्याच बँडमध्ये कॉर्नेट नावाची छोटी तुतारी वाजवते. पुढची धून तिने सुरू करायची होती, आणि ती तिने अशी वाजवली की चर्चच्या छपरावरची कबुतरे उडाली.

नंतर सभागृहात पांढरी वाइन आणि चीजचे तुकडे आले, तेव्हा कुणीतरी मादाम गोतेंच्या कानात चूक सांगितली. बिचाऱ्या लालबुंद झाल्या आणि आंसेल्मपाशी आल्या. "मस्यू बातनेज, मला क्षमा करा."

"असू द्या, मादाम," आंसेल्म म्हणाले. "तुम्ही चारपाच वर्षं घाई केलीत, एवढंच."

हे वाक्य नोएमीने ऐकले. घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातला खण उघडला. रेजिस टेबलाशी बसून बूट काढत होता.

"भरतेस का आज?" त्याने विचारले.

ती चमकली. "तुला माहीत होतं?"

"चीज कापायची तार त्याच खणात असते. वर्षभर तो कागद बाजूला सारतोय मी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. या घरात बोलायला सगळ्यांना उशीरच होतो." हे म्हणताना त्याने सेव्हरीनकडे पाहिले. तिने सूप ढवळायचे थांबवले.

"तुला वाईट वाटेल, पपा."

"वाटेलच की." त्याने दुसरा बूट काढला. "बाजारात मार्तँ म्हणून हाक मारली तर निम्मा बाजार वळून बघतो. एक मार्तँ कमी झाली तर देशाला कळणारसुद्धा नाही. मला कळेल."

नोएमीने त्या दिवशी अर्ज भरला नाही. आधी ती वृद्धाश्रमात गेली आणि आजोबांना विचारले, "पेपे, मी तुमचं नाव लावू का?"

"मला विचारू नकोस, पोरी. जड नाव आहे ते. प्रत्येक ठिकाणी दोनदा सांगावं लागतं. आणि मी गेल्यावर मला काय फरक पडतो?" त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. मग म्हणाले, "कचेरी कुठल्या वारी उघडी असते?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी."

"उद्या मंगळवार आहे," आंसेल्म म्हणाले.

तिने मंगळवारी अर्ज दिला. महिन्यानंतरचा शुक्रवार ठरला. त्या दिवशी तिने स्वतः जाऊन हो म्हटले तरच पुढची नोंद व्हायची, नाहीतर कागद रद्द. मधल्या महिन्यात रेजिस या विषयावर एक शब्द बोलला नाही. नोएमी दोनदा म्हणाली, "राहू दे, नाही जात मी." दुसऱ्यांदा सेव्हरीन म्हणाली, "मीही राहू दे म्हटलं होतं. त्याला वीस वर्षं झाली." डिसेंबरच्या मध्यावर आंसेल्मच्या छातीत कफ भरला. डॉक्टर नुसते "बघू" म्हणाले.

ठरलेल्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी पहाटेपासून बर्फ पडू लागला आणि दुपारी थांबला, तेव्हा अंगणात सत्तर सेंटिमीटर झाला होता. बर्फ हटवणारी गाडी खालच्या मोठ्या रस्त्यावर अडकली होती. वरच्या एका घरासाठी ती शनिवारी येईल, असा निरोप आला. नोएमीने फोन ठेवला आणि म्हणाली, "झालं. नशिबातच नाही." ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतले.

मित्रांनो, इथे माझ्यासारख्याने हात जोडून म्हणायचे असते, मला जपा. मी तसे म्हणणार नाही. जपून तर मला दगडानेही ठेवले आहे. तुमच्या घरात एखादे जुने नाव असेल, आजीच्या माहेरचे, कुणी न उच्चारलेले, तर ते मोठ्याने घ्या. दारातून हाक मारून घ्या. चुकीचे कुणी म्हटले तर दोनदा सांगा. नाव तोंडात राहते. तिथून ते गेले की मग दगडफुलाशी गाठ आहे.

शुक्रवारी सकाळी सेव्हरीनने दार उघडले आणि हाक मारली, "नोएमी, बाहेर ये."

अंगणातून खाली वाट गेली होती. दोन पावले रुंद, सरळ, कडेला नीट दाबलेली. नोएमीने तिच्यावर पाय ठेवला. वाट खचली नाही. ती आदल्या दुपारी तुडवलेली होती आणि थंडीत कडक झाली होती. तीन किलोमीटर. टपालपेटीपाशी रेजिस उभा होता. त्याच्या विजारीचे गुडघे गोठून ताठ झाले होते, कारण उरलेला तुकडा तो आत्ताच संपवून आला होता.

"तू तुडवलीस?" नोएमीने विचारले.

"मार्तँ लोकांनाही पाय असतात," रेजिस म्हणाला. "चल, बारा वाजता बंद होते कचेरी."

तो पुढे चालला, ती मागे. माझ्या घराण्यात साडेचारशे वर्षे अशीच माणसे एकामागे एक चालली होती. त्या दिवशी पुढे चालणाऱ्याचे नाव वेगळे होते, आणि मला त्याचे काही वाटले नाही. खरे सांगायचे तर मला तो माणूस हवाहवासा वाटला.

मादाम गोतेंनी दोघांचे बूट पाहिले आणि काही न विचारता खुर्च्या पुढे सरकवल्या. समोर कागद ठेवला. "नियमाप्रमाणे मला विचारावंच लागतं," त्या म्हणाल्या. "आणि उत्तर तुम्हाला तोंडाने द्यावं लागतं. तुमचा निर्णय कायम आहे का?"

नोएमीने बापाकडे पाहिले. तो खिडकीतून स्मारकाकडे बघत होता. मान न वळवता म्हणाला, "मोठ्याने सांग. मागच्या वेळी यांना नीट कळलं नव्हतं."

मादाम गोतेंच्या ओठांवर हसू आले. नोएमी उठून उभी राहिली.

"कायम आहे," ती म्हणाली. "माझं नाव नोएमी बातनेज."