हाराचे दोन खिळे

मी एक जुनी सागवानी फोटोफ्रेम आहे. माझ्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक बारीक खिळा आहे. मित्रांनो, तुम्ही आधी माझ्यातला फोटो पाहाल, तो पाहाच. पण माझी सगळी कहाणी त्या खिळ्यांची आहे.

माझा जन्म शहाद्याला, नेमीचंदशेठच्या दुकानात झाला. त्यांचे चिरंजीव श्रेणिकभाऊ यांनी माझ्या पट्ट्या कापल्या, कोपरे जुळवले, काच बसवली. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला एक प्रश्न हळू आवाजात विचारला जाई, "खिळा ठोकू का?" देवाच्या तसबिरीला आणि गेलेल्या माणसाच्या फोटोला हार अडकवायला वर दोन खिळे लागतात. जिवंत माणसाच्या फोटोला ते कोणी ठोकत नाही.

मला घ्यायला धानोऱ्याहून भिकुबाई आल्या होत्या. त्यांच्या मुलाला, भाग्येशला, कॉलेजच्या नाट्यस्पर्धेत अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. हातात ढाल धरून हसणारा त्याचा फोटो त्यांनी पिशवीतून काढला. श्रेणिकभाऊंनी सवयीने विचारलं, "मावशी, खिळा ठोकू का?"

"जीभ झडो तुन्ही!" भिकुबाई कडाडल्या. "मन्हा पोऱ्या जित्ता शे!"

श्रेणिकभाऊंनी कान पकडले. पण भिकुबाई तिथे थांबल्या नाहीत. मला पदराखाली झाकून घेऊन गेल्या.

पुढची काही वर्षं मी धानोऱ्याच्या घरात पुढच्या खोलीत मिरवले. भाग्येश आधी खान्देशी विनोदी पटांत चमकला, मग मुंबईला गेला. कधी हवालदार झाला, कधी वेटर, एका सिनेमात नायकाचा मित्र. शेवटी एका मालिकेत त्याला मोठी भूमिका मिळाली, थोरल्या भावाची. ग्लिसरीन न लावता तो रडायचा आणि सगळं गाव त्याच्याबरोबर डोळे पुसायचं. संध्याकाळी साडेसातला भिकुबाई टीव्हीपुढे बसत, तेव्हा मी त्यांच्या डोक्यावर भिंतीवर असे. एक भाग्येश वर, एक समोर. मला फार अभिमान वाटायचा हो.

एका दिवाळीत तो आला आणि त्याने मला भिंतीवरून उतरवलं. भिकुबाईंनी विचारलं, "कसाले लागस रे?"

"शूटिंगमा भिंतवर लावाले, माय. नवा फोटो खोटा दिसस."

त्यांनी पदराने माझी काच पुसून दिली. कुठल्या भिंतीवर, ते भाग्येशने सांगितलं नाही. त्याला ठाऊक होतं.

सेटवर एक माणूस हातोडी घेऊन आला. त्याने मला काही विचारलं नाही, कोणालाच विचारलं नाही. ठक, ठक. ते दोन ठोके मला अजून ऐकू येतात. मग चंदनाचा हार आला, पुढे विजेचा दिवा लागला. मालिकेतला थोरला भाऊ अपघातात गेला होता. भाग्येश खाली चहा पीत उभा होता. सगळ्यांबरोबर तो हसला, पण माझ्याकडे बघून नाही.

तो भाग लागला तेव्हा धानोऱ्यात काय झालं, ते मला नंतर कळलं. भिकुबाईंनी आपल्याच घरची फ्रेम ओळखली. तेवढ्यात शेजारच्या छबूबाई आत आल्या. त्यांना कमी दिसतं. त्यांना दिसला फक्त भाग्येश आणि त्याच्यावरचा हार. "भिकुबाई, कसं व्हयनं वं हाई!" म्हणून त्यांनी हंबरडा फोडला. दहा मिनिटांत दारात माणसं जमली.

भाग्येशने फोनवर हसून सांगितलं, "माय, ते खोटं शे."

"फोटो खरा शे, खिळा खरा शे," भिकुबाई म्हणाल्या. "तूच तो हार काढ नि फोटो घर लई ये. दुसरानी नही, तूच."

"थोडा दिन थांब. मालिकामा मन्ही वापसी लिखी ऱ्हायनात."

थोडे दिवस म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं. हार काढा म्हटलं तर मालिकेचे निर्माते नाराज होतील आणि परतीचा रस्ताच बंद होईल, या भीतीने तो गप्प राहिला. दुसरीकडूनही काम येईना. लोक त्याला रस्त्यात पाहून दचकत, "अहो, तुम्ही तर गेलात ना?" लेखकांपैकी एकजण तर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुझ्यापेक्षा तुझा फोटोच चांगलं काम करतोय!" भाग्येश वाळत चालला होता. मुंबईच्या दमट हवेत माझ्या आतला फोटोही मागच्या पुठ्ठ्याला चिकटू लागला. मला ते आवडत नव्हतं.

त्या दीड वर्षात माय-लेकाचा एक नेम झाला होता. मालिका आठला संपली की भाग्येश फोन करी, कितीदा तर परतीचं विचारायला सेटवर आलेला असताना, माझ्याच खाली उभा राहून. "तुन्हा आवाज ऐकाशिवाय मन्हा घास खाले उतरत नही," असं भिकुबाई म्हणत. त्यांना साखरेचा आजार होता. गोळी जेवणाआधी घ्यायची आणि लगेच जेवायचं, नाहीतर साखर एकदम उतरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या गोळी वेळेवर घेत आणि ताट पुढे ठेवून फोनची वाट बघत. फोन ठेवताना रोज एकच म्हणत, "जे येवानं व्हई ते पहिले मन्हावर येवो."

आणि मग तो दिवस आला. थोरला भाऊ परततो आणि आपल्याच फोटोवरचा हार काढतो, असा प्रसंग होता. भाग्येशने घरी मुद्दामच सांगितलं नाही. मायने ते टीव्हीवरच पाहावं, अशी त्याची हौस. बातमी फुटू नये म्हणून सगळ्यांचे फोन आधीच एका पेटीत जमा केले होते. संध्याकाळी सातला काम सुरू झालं.

त्याने हात वर केला, हार ओढला. हार निघेना. माझ्याच खिळ्यात त्याचा दोरा अडकला होता. पुन्हा केलं, पुन्हा अडकला. आठ वाजले. "फक्त एक फोन करू द्या," भाग्येश म्हणाला. "हे झालं की कर," दिग्दर्शकाचं उत्तर आलं. मित्रांनो, मला हात असते तर मी तो खिळा उपटून फेकला असता. पावणेनऊला हार तुटून त्याच्या हातात आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पेटीतून फोन मिळाला, तेव्हा त्यावर एकवीस कॉल येऊन गेले होते. पहिले चार मायचे, बाकी सगळे छबूबाईंचे.

भिकुबाईंनी गोळी घेतली होती. ताट तसंच होतं. घाम फुटला, हात कापायला लागले, तेव्हा छबूबाईंनी गुळाचा खडा त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी मान फिरवली. "आज मन्हा भाग्येशले काहीतरी व्हयनं," एवढंच त्या म्हणाल्या. नंदुरबारच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरा दिवसांनी भाग्येश मला घेऊन शहाद्याला आला. श्रेणिकभाऊंनी माझी पाठ उघडली आणि थांबले. "भाऊ, हाऊ फोटो पुठ्ठाले चिकटी गया. काढसू त फाटी जाई."

"ऱ्हावू दे," भाग्येश म्हणाला. "त्यानाच वर मायना लाव."

या वेळी श्रेणिकभाऊंना खिळ्यांचं विचारावं लागलं नाही. ते होतेच.

आता मी पुन्हा धानोऱ्याला त्याच भिंतीवर आहे. भाग्येशला हल्ली सिनेमांत बरं काम मिळतं, पण गावी आला की तो टीव्ही लावत नाही. मित्रांनो, माझी काच पुसली नाही तरी चालेल. पण कोणी तुमच्या आवाजासाठी ताट पुढे घेऊन बसलं असेल, तर आधी तो फोन करा.

रोज सकाळी माझ्यावर ताजा हार चढतो. मायच्या फोटोमागे हातात ढाल धरून भाग्येश हसतो आहे, हे माझ्याशिवाय आता कोणाच्या ध्यानात नसतं. हार येतो तो पहिला भिकुबाईंवर येतो. त्याच्यापर्यंत त्या अजून काही पोहोचू देत नाहीत.