फाटकातून न गेलेला बूट

मी एक जुना उजवा बूट आहे. माझा जोडीदार, म्हणजे डावा, एका कुत्र्याने पळवला. त्यामुळे आम्हा दोघांची गोष्ट मलाच सांगावी लागते आहे. मित्रांनो, ती फुशारकीने सांगण्यासारखी नाही.

माझा जन्म कारखान्यातला. जाड कातडं, दुहेरी शिवण आणि तळव्याला खोल खोल खाचा. डेन्मार्कमधल्या दुकानदाराने मला उलटा करून त्या खाचा मारेनला दाखवल्या. चिखलात हा बूट घसरायचा नाही, असं तो म्हणाला आणि मी फुगून गेलो. मारेन झाडांचा अभ्यास करायची. वर्षभर शिकायला ती ऑस्ट्रेलियाला निघाली होती.

उत्तर क्वीन्सलँडच्या घनदाट जंगलात तिचा वर्ग पंधरा दिवस राहिला. ते जंगल आंटी डेल्माच्या लोकांचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं. रोज सकाळी आंटी फाटकाशी उभी राहून झाडांकडे तोंड करायची आणि आज कोण आत येतंय ते मोठ्याने सांगायची. पोरं चांगली आहेत, सांभाळून घ्या, असंही सांगायची. ऐकणारे म्हणजे तिचे गेलेले वाडवडील. मग तिचा मोर्चा आमच्याकडे वळायचा. फाटकाशी ब्रश होता, औषधाच्या पाण्याचा टब होता. मुळं कुजवणारा एक रोग तिथल्या मातीत शिरला होता आणि तो बुटांना चिकटून फिरायचा.

"पोरी, तोंड नाही धुतलंस तरी चालेल. बूट धू," आंटी म्हणायची.

मारेन जुन्या टूथब्रशने माझी एकेक खाच घासायची. आंटीने एकदा मला उचलून सगळ्या वर्गाला दाखवलं. बूट असा हवा, म्हणाली. तेवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

वर्गाचं काम झाडं मोजण्याचं होतं. दोरी लावून जंगलाचे वीस तुकडे पाडले होते. एकोणिसावा तुकडा रोगट, त्याला पिवळी फीत बांधलेली. विसावा ओढ्यापलीकडचा, निरोगी. त्यात मोठ्या शेंगांचं एक झाड होतं. त्याच्या विषारी बिया दिवसचे दिवस ओढ्यात भिजवून आंटीची आई भाकरी करायची. आई जन्मलीही होती त्याच झाडाखाली. आंटी त्याच्याशी बोलायची तेव्हा आईशीच बोलायची.

शेवटच्या दिवशी मारेनचा एकोणिसावा तुकडा संपायला दुपार झाली. विसाव्यात जायचं तर आधी फाटकाशी परत जाऊन बूट धुवायचे, असा नियम होता. जाऊन येऊन दीड तास. बस चारची. मारेन ओढ्यात उतरली, वाहत्या पाण्यात तिने आम्हाला दगडांवर घासलं आणि पलीकडे गेली. वाहतं पाणी सगळं धुऊन नेतं, असं तिला खरंच वाटलं. पण माझ्या खाचांत तांबडी माती तशीच होती. मला ती टोचत होती आणि मी काही करू शकत नव्हतो. मारेनने त्या झाडाला मिठी मारून घेर मोजायचा टेप गुंडाळला. मी त्याच्या मुळांवर उभा होतो.

फाटकाशी आंटीने तिला विचारलं, "विसावा झाला? इथूनच गेलीस ना?"

"हो," मारेन म्हणाली.

विमानतळावर चिखलाचे बूट चालत नाहीत म्हणून ती आम्हाला तिथेच ठेवून गेली. तिकडे जुने बूट कुंपणाच्या खांबांवर उलटे टांगतात. आंटीने मलाही टांगलं. कुंपण उंचावर होतं, तिथून लांबवर मला ते झाड दिसायचं. पुढच्या वर्षी त्याचा शेंडा पिवळा पडला. त्यानंतर फांद्या उघड्या पडल्या. आंटी रोज जाऊन बुंध्याला हात लावून यायची आणि मला वाटायचं, तो कुत्रा मलाच का घेऊन गेला नाही.

तिसऱ्या वर्षी मारेन आली. आता ती स्वतः संशोधन करत होती. ते झाड पाहून ती कुंपणाशीच थांबली आणि आंटीकडे वळली.

"आंटी, मी त्या दिवशी फाटकातून गेले नव्हते. तुमच्याशी खोटं बोलले."

आंटीने झाडाकडे तोंड केलं.

"त्या रोगाला औषध असतं पोरी," ती म्हणाली. "मुळं कुजायच्या आधी द्यावं लागतं. त्या संध्याकाळी सांगितलं असतंस, तर मी रागावले असते, शिव्या घातल्या असत्या आणि औषध घेऊन धावले असते."

मारेन रडत राहिली. आंटीने तिला जवळही घेतलं नाही, हाकलूनही दिलं नाही.

आता आंटीने मला फाटकाशी, टबाच्या वर टांगलंय, येणाऱ्यांना आठवण राहावी म्हणून. नवी मुलं माझ्याबरोबर फोटो काढतात. त्यातलं एखादं आजही टब ओलांडून जातं. आंटी अजून सकाळी जंगलाला सांगते कोण आलंय ते, पण पोरं चांगली आहेत, असं आता म्हणत नाही.

मित्रांनो, बूट नीट घासा. आणि चुकून राहिलेच, तर त्याच दिवशी सांगा. मी पडलो बूट, मला सांगता आलं नाही.