इन्स्पेक्टर दौलतचं वेषांतर

"वाच की रं मोठ्यानं," बशीर म्हणाला. त्याचे दोन्ही हात शाईनं बरबटलेले होते, पत्र धरायची सोय नव्हती.

"मोठ्यानं वाचायचं पत्र न्हाई हे," नाथाजी म्हणाला आणि त्यानं उठून छापखान्याचं दार लोटून घेतलं.

पत्र इन्स्पेक्टर दौलत यांना आलेलं होतं. तशी पत्रं महिन्याला चार-दोन यायचीच. इन्स्पेक्टर दौलत म्हणजे सहा फूट उंच, दंडात गोळी घुसलेली असताना चहा पिणारा, वेषांतरात असा तरबेज की सख्ख्या आईनं ओळखू नये. हा बहाद्दर राहायचा नाथाजीच्या डोक्यात. नाथाजी स्वतः पाच फूट तीन इंच, तालुका कचेरीत आवक-जावक कारकून, डोक्यावर टक्कल आणि साहेब खाकरला तरी दचकणारा. बारा वर्षं तो दर महिन्याला दौलतची एक गोष्ट लिहीत होता आणि बशीर ती छापत होता. पुस्तकामागचा पत्ता बशीरच्या छापखान्याचा, इस्लामपूरचा.

त्यानं हळू आवाजात वाचायला सुरुवात केली.

"दौलत सायेबांस हरणाबाईचा नमस्कार. आमची वस्ती कोयनानगरच्या वर घाटात हाय. दिवाळीआधी धक्का बसला, तवा भिंत पडून दोन पोरं गेली. माझ्या शेजारची मनुबाई धक्क्याच्या आदीच घराभाईर आली हुती. शेळी लय वरडाय लागली म्हनून आली. पर लोक म्हनत्यात, हिला आदी कसं कळलं? धक्का हिनंच आनला. तिच्याशी बोलायचं न्हाई आन् भाईरच्या मानसाला हे सांगायचं न्हाई, असा समद्यांनी देवळात बेलभंडारा उचललाय. मीबी उचललाय, लेकीचं नाव घिऊन. मागं खरं फौजदार आलं हुतं. समदी म्हनली, आमच्यात कायबी न्हाई. ते गेलं आन् तिसऱ्या दिशी मनुबाईची शेळी मेलेली घावली. आता म्हनत्यात, पुन्यांदा धक्का बसला तर मनुबाईला वस्तीत ठिवायची न्हाई. तिला कुनी न्हाई. कुटं जाईल? मानसाला सांगितलं तर शपथ मोडती. तुमी पुस्तकातलं. तुमाला सांगितलं तर मोडत न्हाई. कवा येताय?"

बशीरनं शाईचे हात फडक्याला पुसले. मग त्याच्यातला छापखानेवाला जागा झाला.

"फुडच्या म्हैन्याचं पुस्तक झालं की गड्या! दौलत घोड्यावरनं वस्तीत शिरतोय, समदी थरथर कापाय लागल्यात..."

"आन् त्या वस्तीत पुस्तक वाचतंय कोन? ही एकटी. मग कुनी सांगितलं ते कळायला कितीसा येळ लागतोय?"

"मग दे पत्र फौजदाराला."

"तिची शपथ मोडंल."

"शपथ तिनं घेतलीया. तू कुटं घेतलीयास?"

नाथाजीनं पत्राची घडी घालून खिशात ठेवली. पण मेलेली शेळी त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

आठ दिवस तो रोज कागद पुढे घेऊन बसला. दौलत घाटातल्या शेवटच्या वळणापर्यंत दिमाखात यायचा आणि तिथंच उभा राहायचा. बेड्या घालायच्या तर कुणाला? सगळी वस्तीच भ्यालेली. कोयनेच्या मोठ्या भूकंपाला सात वर्षं झाली होती, तरी रात्री भांडं पडलं की माणसं अंगणात पळत होती. त्यात दोन पोरं गेलेली. नाथाजीला त्या लोकांचा राग यायचा आणि कीवही यायची. असल्या मनानं दौलतची गोष्ट लिहिता येत नाही.

"दौलतला जमत नसंल तर तुमी जावा," त्याची बायको शालूबाई भाकरी थापता थापता म्हणाली. ती थट्टेनं म्हणाली होती. नाथाजीनं मनावर घेतलं.

रविवारी सकाळच्या एसटीनं तो निघाला. कोयनानगरपासून तासभर चढण. सांगायला एक थाप घोकून ठेवली होती, ती दम लागून विसरला. वस्ती म्हणजे पत्र्याची तीस-चाळीस घरं. देवळाच्या कट्ट्यावर चार माणसं बसली होती. त्यातला अर्जुना नावाचा म्हातारा म्हणाला, "बसा पाव्हनं. पानी घ्या."

"नगं," नाथाजी म्हणाला आणि चालत राहिला. मनुबाईचं घर कुणाला विचारावं लागलं नाही. एकाच दाराकडच्या पायवाटेवर गवत उगवलं होतं.

"बाई, पानी मिळंल का?"

मनुबाईनं मागं वळून पाहिलं. हा माणूस कुणाशी बोलतोय ते तिला कळेना. मग ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. तिचे ओठ दोन-तीनदा नुसतेच हलले. किती तरी दिवसांत आवाज वापरलेला नव्हता.

"गूळ... गूळ न्हाई वो घरात," ती म्हणाली.

कट्ट्यावरची चारही माणसं उठून उभी राहिलेली नाथाजीनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिली. त्याचे पाय लटपटत होते. तरी त्यानं तांब्या पुरा रिकामा केला आणि ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "लय ग्वाड पानी हाय, बाई." आणि तो उतरणीला लागला. दौलतनं निदान मिशीला पीळ तरी दिला असता. नाथाजी घरी येऊन दोन दिवस तापानं पडला.

"पानी पिऊन आलास व्हय?" बशीर हसत सुटला. "धाडस म्हनायचं!"

नाथाजीला फार शरम वाटली. काहीच करून आलो नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं.

महिन्यानं दुसरं पत्र आलं.

"दौलत सायेब, तुमी आलासा. कारकुनाचं वेषांतर लय झ्याक. टक्कल तर अगदी खरं वाटत हुतं. पाय बी कसं लटपटत हुतं! पर म्या वळखलं. लोक म्हनत्यात, तिच्या हातचं पानी प्यालेला त्यो मानूस घरी जाऊन मेला असंल. मनुबाई रोज यष्टीच्या टायमाला तांब्या भरून उंबऱ्यावर ठिवती. मी गुळाचा खडा कुडावरनं टाकला. बोलले न्हाई. परत कवा येताय?"

हे मात्र बशीरनं शाईच्या हातांनीच घेऊन पुन्हा वाचलं. तो हसला नाही. "जिवंत हायस ते दाखवून ये बाबा," एवढंच म्हणाला.

येत्या रविवारी जायचं ठरलं. पण गुरुवारी दुपारी कचेरीतलं कपाट खडखडलं, टेबलावरचा पाण्याचा पेला कलंडला. इतकंच. बाकीचे हसत बाहेर गेले. नाथाजीनं छत्री उचलली आणि उभ्या नोकरीत पहिल्यांदा रजेचा अर्ज न देता एसटी स्टँड गाठला. कराडला मुक्काम पडला. सकाळी तो चढणीवर होता.

सगळी वस्ती देवळासमोर जमली होती. कुणी ओरडत नव्हतं, बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मनुबाई आपल्या उंबऱ्यावर बसली होती. बांधलेलं गाठोडं मांडीशी, पुढ्यात भरलेला तांब्या आणि गुळाचा खडा. नाथाजीला पाहून लोक बाजूला झाले.

"बाई, पानी," तो म्हणाला. आधी गूळ खाल्ला, मग पाणी प्याला.

अर्जुना पुढे आला. "पाव्हनं, कोन तुमी?"

"कारकून हाय. इस्लामपूरचा. आवक-जावकला."

"म्हैन्यामागं हितंच पानी पिऊन गेलासा नव्हं?"

"व्हय. ताप आलता. चढनीनं. दोन दिसांत उतरला."

म्हाताऱ्यानं त्याला टकलापासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

मग शेजारच्या पत्र्याआडून एक बाई आली. गवतातून चालत ती उंबऱ्यापाशी पोहोचली आणि वाकून तिनं ओंजळ पुढे केली. तोंडातून शब्द काढला नाही. शपथ न बोलण्याची होती. ओंजळ धरायची नाही, असं देवळात कुणी म्हटलं नव्हतं.

मनुबाईनं तांब्यात उरलेलं पाणी ओतलं. निम्मं ओंजळीत पडलं, निम्मं गाठोड्यावर. गाठोड्याची गाठ तशीच ठेवून ती दुसरा तांब्या भरायला आत गेली.