खाकी कव्हरातली पुस्तिका

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तिका आहे, मराठी अक्षरे जुळवण्याच्या सॉफ्टवेअरसोबत खोक्यातून आलेली. माझे पहिले मालक नागपूरचे छपाईवाले. त्यांनी माझ्या कडेला पेन्सिलीने इतके लिहिले, की छापलेल्यापेक्षा तेच जास्त कामाचे झाले. पुढे त्यांनी दुकान आवरले आणि संगणक, सीडी व मी असे तिघे सेकंडहँड होऊन पवनीला, रश्मीच्या पत्रिकांच्या दुकानात आलो.

रश्मीचे सासरे केशवराव निवृत्त मास्तर. पुस्तक दिसले की कव्हर घालणारच! सॉफ्टवेअर संगणकात आधीच भरलेले होते, म्हणून इथे माझी पाठ कुणी पाहिलीच नव्हती. त्यांनी भाताची खळ करून माझ्यावर खाकी कागद पक्का चिकटवला. मला मांडीवर घेऊन रश्मी जोडाक्षरे शिकली. फार सुखाचे दिवस होते ते.

मग तिचा दीर अनुप याला सीडीत माझी इलेक्ट्रॉनिक बहीण सापडली. शब्द टाकला की ती नेमके पान हजर करी. मला तेवढे कुठले जमायला!

"वहिनी, हे पोथी कायले सांभाळून राहिल्या?" तो म्हणाला आणि मी टेबलपंख्याखाली टेकू म्हणून गेले. खोटे कशाला बोलू, वाईट वाटले.

गेल्या उन्हाळ्यात संगणक बिघडला. अनुपने सॉफ्टवेअर पुन्हा भरले, तर ते नोंदणी क्रमांक मागू लागले. समोर धनीराम बसलेले. लेकीच्या लग्नपत्रिका संध्याकाळपर्यंत देण्याचा शब्द रश्मीने त्यांना दिला होता. सीडीतली बहीण म्हणाली, 'क्रमांक छापील पुस्तिकेच्या मागे पाहा.'

सगळे माझ्याकडे धावले.

"मांगं तं काहीच नाही!" रश्मी रडवेली झाली.

"कसं दिसन? कव्हर तं मीच चिकटवलं," केशवराव ओशाळून म्हणाले. "ओढू नोको, फाटन."

ओले फडके ठेवून त्यांनी कागद नखाने हळूहळू सोडवला. एकेक आकडा दिसत गेला, तसतशी रश्मी तो टाकत गेली. सॉफ्टवेअर उघडले! संध्याकाळी धनीराम पत्रिकांचा गठ्ठा घेऊन हसत घरी गेले.

मला पुसून संगणकाशेजारी ठेवले ते अनुपनेच. आता अडले की आधी तो बहिणीला विचारतो, मग मला. आमचे छान चालले आहे.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा, पण आधी ती नीट उलटूनपालटून पाहा. केशवरावांनी दुसऱ्याच दिवशी मला नवे खाकी कव्हर घातले. सवय जाते थोडीच! फक्त या वेळी त्यांनी पाठीवर कात्रीने एक चौकोनी खिडकी कापली. तिच्यातून मला सगळे दुकान दिसते.