फिकट गुलाबी

"मॅडम, आला का रंग?"

मी फ्लास्क हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि काहीच बोलले नाही. समोरचा धिप्पाड मुलगा चुळबुळायला लागला.

"एक थेंब जास्त पडला बहुतेक..."

"मग मला कशाला दाखवायला आणलास? ओत बेसिनमध्ये. परत कर."

गेला बिचारा. यंदाचं अख्खं वर्ष मी असंच रेटलंय. टायट्रेशन म्हणजे वरच्या नळीतून थेंब थेंब सोडायचं आणि खाली फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी छटा आली की तिथेच थांबायचं. ती छटा मला दिसत नाही. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. डॉक्टर म्हणाले, आधी फिके रंग जातील, मग बाकीचं. मुलं मात्र मला 'घार' म्हणतात. चोराच्या मनात चांदणं! मी नुसती गप्प उभी राहिले की आपणहून कबूल होतात.

घरी मुलगी रोज मागे लागते. "आई, सांगून टाक ना एकदा."

"सांगितलं की लॅब काढून घेतील. मग मी काय करू, घरात बसून तुझी भांडी मोजू?"

"अगं पण असं किती दिवस?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळा."

तिला म्हणते खरी, पण लॅबच्या दाराशी रोज एकच विचार येतो. कुणीतरी आज मलाच विचारलं तर?

आणि आज तर परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक टेबलांमधून फिरत होते. ते जवळ आले की मी दुसऱ्या टेबलाकडे सरकत होते.

कोपऱ्यातल्या टेबलावरची मुलगी फ्लास्क घेऊन आली. वर्षभर वर्गात हिचा आवाज ऐकलेला नाही. मान खाली घालून लिहायची, तास संपला की निघून जायची.

"मॅडम, बघता?"

मी बघितलं. म्हणजे बघितल्यासारखं केलं. तिचा चेहरा उतरला.

"चुकलं का?"

मी गप्प. तिने स्वतःच फ्लास्क ओतून टाकला. दुसऱ्या वेळीही तेच झालं. तिसऱ्या वेळी तिचा हात इतका थरथरत होता की तोटी पूर्ण उघडली गेली आणि धारच लागली. तिथेच उभी राहून ती रडायला लागली. वेळ संपत आली होती आणि तिच्या कागदावर एकही आकडा नव्हता. नापास होणार होती पोरगी.

परीक्षक आले. "अहो, हिचे आधीचे दोन्ही मी जाता जाता पाहिले. सुरेख फिकट होते. फेकले का?"

ती माझ्याकडे बघत होती. तक्रार नव्हती तिच्या डोळ्यांत, नुसती भीती होती. माझ्या मनातलीच भीती ही! वर्षभर मीच ती सगळ्यांना वाटून देत आले होते.

"घाबरट दिसते," परीक्षकांनीच वाट करून दिली. "काही मुलं असतात अशी."

नुसतं हो म्हणायचं होतं. 'हो' जिभेवर आलंही होतं.

"नाही," मी म्हणाले. "तिचं बरोबर होतं. मला रंग दिसत नाही. यंदा वर्षभर दिसलेला नाही."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई, हे तुम्ही आधी..."

"माझं नंतर बघू. तिला वेळ द्या."

"दिला," ते म्हणाले.

मागून तो धिप्पाड पुटपुटला, "म्हणजे माझा पण बरोबर होता की काय!" कुणीतरी हसलं. मलाही हसू आलं आणि त्याबरोबर रडूही.

मुलीने पुन्हा सगळं मांडलं. आता हात कापत नव्हता. झालं तेव्हा परीक्षकांना सोडून ती फ्लास्क घेऊन माझ्याकडेच आली. मी तो खिडकीकडे धरला. मला नुसतं पाणीच दिसलं.

"कसा आहे गं?"

"फिकट गुलाबी, मॅडम."

"नक्की?"

"नक्की."

"मग जा, लिही आकडा."

ती लिहायला गेली. मी फ्लास्क उजेडात धरून तशीच उभी राहिले. मला तो रंग एकदा बघायचा होता.