थांबा म्हणालेत ते

या, जवळ बसा. भिंतीला टेकून ऐकलेली गोष्ट भिंतीलाच कळते. आज एका नर्सबाईची आणि तिच्या संशयाची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट दोराची आहे. मोठी, जाणती माणसं आपल्या राजीखुशीने एकमेकांना बांधतात आणि बांधून घेतात, त्या दोराची. भुवया वर गेल्या असतील तर खाली घ्या. कुणाला त्यात शृंगार सापडतो, कुणाच्या डोक्यातला गलबला घटकाभर निवतो. ज्याने मन घडवलं त्याला मनाचे सगळे कोनाडे ठाऊक आहेत. आपण तिथे झाडू घेऊन धावायचं कारण नाही.

तर ही नर्सबाई हाडांच्या वॉर्डात कामाला. दोराची ओढ तिला आणि तिच्या नवऱ्यालाही होती, पण ती घरातली गोष्ट घरात होती. मग एके दिवशी वॉर्डात एक बाई आली. उजवा पंजा मनगटातून लोंबत होता, जसा काही दुसऱ्याचाच. कुणीतरी मोबाइलवर बघून शिकलेला, त्याने दंडावर दोर आवळला होता. "मी थांब म्हणाले," बाई सांगत होती, "तो म्हणाला, झालंच, एकच वेढा राहिलाय." त्या एका वेढ्यापायी तीन महिने तिला कप उचलता आला नाही.

नर्सबाईने त्या दिवशी मनाशी गाठ मारली, की आपल्या डोळ्यांदेखत असा हात पडू द्यायचा नाही. तिच्या धाकट्या जावेचा नाचाचा वर्ग होता, लाकडी जमिनीचा, मोठ्या आरशाचा. रविवारी दुपारी तो रिकामा असे. तिथे तिने दहा-बारा माणसं जमवली आणि दोर कसा धरावा याच्या आधी कसा सोडावा हे शिकवायला घेतलं. नियम मोजकेच, पण लोखंडाचे. कुठे हात लावायचा, कुठे नाही, हे आधी बोलून घ्यायचं. ज्याला बांधायला शिकायचंय त्याने आधी बांधून घ्यायचं. प्रत्येक जोडीशेजारी एकजण कमरेला बोथट टोकाची कात्री लावून नुसता राखणीला बसायचा. आणि सुरुवातीला नकाराचा एक फेरा: बांधून घेणाऱ्याने काही दुखत नसतानाही एकदा "थांबा" म्हणायचं, बांधणाऱ्याचे हात तिथल्या तिथे थिजायचे. का, कशाला, विचारायचं नाही. "नाही म्हणायची जिभेला सवय लागते," नर्सबाई म्हणे, "आणि ऐकायची हाताला."

सहा महिने सुखाने गेले. मग पडदेवाला आला.

नाटकगृहात पडदे आणि दिव्यांचे दांडे दोरांवर चढवणारा माणूस. पन्नाशीचा, गोड बोलणारा. त्याच्या बोटांत दोर असा वळे की बाकीचे आपापली गाठ विसरून त्याच्याकडे बघत राहत. नर्सबाई मात्र माणसाकडे बघत होती. इतकं येतं तर शिकायला का आला? आधीचा गट का सोडला? तिने त्या गटात फोन लावला. पलीकडची बाई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "माणूस चांगला आहे."

"चांगला म्हणायला एवढा वेळ लागतो?" नर्सबाई जावेला म्हणाली.

"अहो ताई, मला कुणी तुमच्याबद्दल विचारलं तर मलाही लागेल," जाऊ म्हणाली. "दारात उभ्या राहून माणसं हुंगायचीच बाकी ठेवली आहेत तुम्ही."

"हुंगते म्हणून तुझी जमीन शाबूत आहे."

त्यात पडदेवाला बांधून घ्यायला तयार होईना. पहिल्या रविवारी म्हणाला पोट बरं नाही, दुसऱ्या रविवारी झोप झाली नाही, तिसऱ्या रविवारी नुसता हसला. जो स्वतः बांधून घेत नाही, त्याला दुसऱ्याला बांधायची एवढी घाई का? नर्सबाईच्या मनात संशयाने बिऱ्हाड केलं. तो पाणी पितानाही तिला काहीतरी लपवतोय असं वाटे.

चौथ्या रविवारी तो आपणहून पुढे आला. "नर्सबाई, तुमची परीक्षा देतो. फक्त डावा दंड जपा. नाटकगृहात वजन पडलं होतं त्यावर."

आली सबब, तिला वाटलं. पण वहीत लिहून घेतलं. राखणीला बसली ग्रंथपाल. ही ग्रंथालयात पुस्तकं देणारी, सगळे तिला गुपचूप म्हणत. इतक्या महिन्यांत ती वाक्यं बोलली असेल तर बोटांवर मोजण्याइतकी. नर्सबाईपुढे तर ती शाळकरी मुलीसारखी मान खाली घालून असे.

नकाराचा फेरा झाला. तो "थांबा" म्हणाला, नर्सबाईचे हात थिजले, सगळं रीतसर. मग तिने त्याचे हात पाठीमागे घेऊन दोर फिरवायला घेतला. दुखरा दंड वगळून, एक वेढा छातीवरून, दुसरा त्याच्या खालून. दर वेढ्याला ती सांगे, "बोटं हलवा," आणि तो हलवी.

तिसरा वेढा अर्ध्यावर असताना तो हलकेच म्हणाला, "थांबा." आणि ओशाळल्यासारखा हसला.

आता ऐका नीट. नर्सबाईच्या कानाला शब्द गेला. पण कान आणि हात यांच्यामध्ये तिचा संशय वाट अडवून बसला होता. ती मनात म्हणाली, पाहिलंस, निसटतोय. हसतोय म्हणजे सोंग. फेरा तर मघाशीच झाला, आता हा कसला थांबा?

"झालंच, एकच वेढा राहिलाय," ती म्हणाली.

"थांबा म्हणालेत ते," शेजारून आवाज आला. गुपचूपचा.

"ऐकलं मी. बस तू."

गुपचूप बसली नाही. तिने कात्री काढली, दोराखाली सरकवली आणि नर्सबाईच्या बोटांच्या मधून दोर कापला. तुकडे जमिनीवर पडले.

पडदेवाल्याने डावा पंजा उचलून बघितला. तो अर्ध्यावर येऊन खाली गेला; ओढताना वेढा दुखऱ्या दंडावर सरकला होता.

नर्सबाई खालीच बसली. तिने त्याचा हात मांडीवर घेतला, बोटं एकेक करून तपासली. वॉर्डातल्या त्या बाईचं वाक्य आपल्याच तोंडून निघालं होतं. अक्षरही बदललं नव्हतं.

"अहो, तुम्ही काय मुद्दाम केलंत?" एकजण म्हणाला. "फेऱ्यातलाच थांबा वाटला असणार."

झाकून टाकायला केवढी छान जागा! नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं; तिच्या शब्दावर तिथे सगळ्यांचा विश्वास होता. पडदेवाल्याच्या शब्दावर कुणाचा होता?

"नाही," ती म्हणाली. "खरा वाटला. तरी थांबले नाही. हे सोंग करतात असं मी ठरवून टाकलं होतं." मग त्याच्याकडे बघून, "चुकलं माझं."

नियम असा होता, की थांबा ऐकून ज्याचा हात थांबला नाही त्याने वर्षभर दोराला शिवायचं नाही. तिनेच लिहिला होता, दुसऱ्या कुणासाठी तरी. तिने वर्गाच्या किल्ल्या गुपचूपच्या हातात दिल्या.

"मला नाही जमणार," गुपचूप म्हणाली.

"माझ्यासमोर जमलं, आता कुणासमोर अडणार नाही."

हात चार दिवसांत ठीक झाला, देवाची दया. पडदेवाला पुढच्या रविवारी आला, दाराजवळ बसला, आणि एकेकाचे हात बारकाईने बघत राहिला. आता संशय त्याचा होता, आणि तो त्याच्या हक्काचा होता. तो माणूस बरा की वाईट, आधीचा गट का सुटला, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. नर्सबाईलाही नाही. त्याच्यावरची नजर तिने काढलेली नाही. मात्र ज्याच्यावर नजर ठेवायची त्याचाही "थांबा" तितकाच ऐकायचा असतो, एवढं तिला उमगलं. राखणीला बसून आता ती तेवढंच करते.

तुम्ही घरी जाल, दिवे मालवाल, देवाचं नाव घ्याल. तेव्हा त्या गुपचूपचीही आठवण काढा. जिच्यापुढे हिची मान वर होत नव्हती, तिच्या बोटांमधला दोर हिने कापला. तिचा हात असाच राहो, असं एकदा म्हणा.